शांत घरांची गजबजलेली वाचनालयं

कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर मध्यंतरी एका अभ्यासिकेतल्या सूचनाफलकाचा फोटो आला. खुर्ची ओढू नये, उचलून ठेवावी. पेनाची टकटक करू नये. बॅगेची चेन बाहेर उघडून मगच आत यावे. कुजबुज आढळल्यास सीट रद्द. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: पाने हळू उलटावीत.

गटात लगेच दोन तट पडले. हे वाचनालयाचे नियम आहेत की तुरुंगाचे, असं एकाने विचारलं. तुझा मुलगा एमपीएससीला बसला असता तर हेच बोलला असतास का, असं दुसऱ्याने त्याला सुनावलं. थोडी हमरीतुमरी झाल्यावर कुणीतरी मला ओढलं: "तू सांग रे, तुमच्या फिनलंडमध्ये कसं असतं?"

असा प्रश्न आला की परदेशात राहणाऱ्याने 'शिस्त' म्हणायचं आणि घरच्यांनी सुस्कारा टाकायचा, अशी आपली रीत आहे. माझी पंचाईत झाली ती वेगळ्याच कारणाने. हेलसिंकीतलं सगळ्यात नावाजलेलं वाचनालय चांगलंच गोंगाटाचं आहे.

त्याचं नाव ओदी. ५ डिसेंबर २०१८ ला, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, ते उघडलं. बरोब्बर संसदेसमोर, सव्वासतरा हजार चौरस मीटरची इमारत. एवढ्या जागेत पुस्तकं मात्र लाखभरच. बाकी जागेत शिलाई मशीन आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, गाणं रेकॉर्ड करायचे स्टुडिओ आहेत, व्हिडिओ गेम खेळायच्या खोल्या आहेत, तळाला एक चित्रपटगृहसुद्धा आहे. पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि तो मजला म्हणजे भिंती नसलेलं एक लांबच लांब दालन. त्यातच मुलांचा विभाग. बाबागाड्या ओळीने लावलेल्या असतात. या मजल्याची जमीन टोकांना वर चढत जाते, लाकडाची उतरणच ती. एका शनिवारी एक चिमुरडी त्या उतरणीवरून धाडधाड पळत खाली येत होती, की पुन्हा वर, पुन्हा खाली. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मुलीच्या आईने तिला दटावलं नाही. पुस्तकं लावणारा कर्मचारी तिला वाट देऊन पुढे गेला. त्या मजल्यावर दबक्या आवाजात बोलणारा बहुधा मीच एकटा होतो, कारण पोटात लहानपणीचा 'शांतता राखा'चा फलक अजून लटकलेला आहे.

हे सगळं तिथल्या लोकांच्या उदार मनातून आपोआप उगवलेलं नाही. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या फिनलंडच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात वाचनालयाची कामं लिहिलेली आहेत. पुस्तकं उपलब्ध करून देणं हे त्यातलं एक. शिकायला, छंदाला, कामाला आणि नागरिकांच्या उपक्रमांना जागा देणं हे दुसरं. सामाजिक-सांस्कृतिक संवादाला चालना देणं हेही एक काम आहे. संवाद कायद्यानेच मागितला म्हटल्यावर आवाज आलाच. त्याच कायद्यात दुसरं टोकही आहे. वारंवार नि गंभीर त्रास देणाऱ्या माणसाला जास्तीत जास्त ३० दिवस वाचनालय बंद करता येतं, आणि तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. कुजबुज केली म्हणून सीट रद्द करणाऱ्या आमच्या फलकाशेजारी हे कलम ठेवून बघा.

ज्याला खरंच शांतता हवी तो ओदीच्या वरच्या मजल्यावर जातच नाही. चालत पंधरा-वीस मिनिटांवर सिनेट चौकात राष्ट्रीय ग्रंथालय आहे. कार्ल लुडविग एंगेल या वास्तुकाराने एकोणिसाव्या शतकात आखलेली इमारत, खांब, घुमट, त्याखाली वाचनाची दालनं. तिथे खोकला आला तरी माणूस बाहेर जाऊन खोकतो. एकाच शहरात, एकाच स्वभावाची माणसं एका इमारतीत दंगा सहन करतात आणि दुसरीत श्वासही जपून घेतात. कुठे कसं वागायचं हे जागा सांगते. जिथे एकाच खोलीला दोन्ही सांगावं लागतं तिथे भांडण होतं, आणि आपल्याकडे बहुतेक वाचनालयांना एकच खोली आहे.

शिस्तीच्या दंतकथेबद्दल आणखी थोडं. इथली बरीच वाचनालयं कर्मचारी घरी गेल्यावरही उघडी असतात. कार्ड लावायचं, पिन टाकायचा, आत जायचं. पुस्तक घ्या, बसा, छपाई करा, कुणी बघायला नाही. पाहुण्यांना मी हे दाखवतो तेव्हा ते हमखास म्हणतात, "आपल्याकडे असं केलं तर!" मग मी त्यांना कोपऱ्यातला कॅमेरा दाखवतो. दार उघडणाऱ्या प्रत्येक कार्डाची नोंद राहते हेही सांगतो. आणि शाळकरी पोरांच्या टोळक्यांनी धुडगूस घातला म्हणून अमुक वाचनालयाची ही बिनकर्मचाऱ्यांची वेळ बंद केली, अशा बातम्या इथल्या पेपरांतही येतात. ओदीत गणवेशातले सुरक्षारक्षक फिरतात ते उगाच नाही.

बरं, नेमका कुठला आवाज त्रास देतो, हेही एकदा बघायला हवं. पंखा रात्रभर घरघरला तरी अभ्यास होतो. दोन टेबलांपलीकडे कुणी हळू आवाजात लग्नाच्या याद्या करत असेल तर एक पान पुढे सरकत नाही. मानसशास्त्रात हे चांगलं पडताळलेलं आहे: एकसुरी आवाजापेक्षा कानावर पडणारं बोलणं लक्ष जास्त उडवतं, आणि त्यातले शब्द कळत असतील तर अधिकच. मला हे फार सुखाने आणि मग फार दुःखाने कळलं. नवीन होतो तेव्हा ओदीतल्या गर्दीत माझी उत्तम समाधी लागायची, कारण आजूबाजूचं फिनिश माझ्यासाठी पावसासारखं होतं. भाषा समजायला लागली आणि शेजारच्या बाईंचा घटस्फोट माझ्या पुस्तकात शिरला. गंमत अशी की दालन जितकं शांत तितकी कुजबुज जास्त बोचते, कारण तिला झाकायला दुसरं काही उरत नाही. पाने हळू उलटावीत हा नियम लिहिणाऱ्या माणसाला वेड लागलेलं नव्हतं. त्याने आधीचे सगळे नियम पाळून घेतले होते, म्हणून आता पानांचा आवाज ऐकू येत होता!

पण मी गटावर जे लिहिलं ते याहून वेगळं होतं. फिनलंडमधली जवळजवळ निम्मी घरं एकट्या माणसाची आहेत. खिडक्यांना तीन-तीन काचा, त्यामुळे बाहेरची ट्राम दिसते पण ऐकू येत नाही. बहुतेक इमारतींच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ असते आणि ती पाळली जाते. हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं. अशा घरात बसलेल्या माणसाला शांतता विकत घ्यायची नसते, ती त्याला घालवायची असते. तो वाचनालयात येतो तो माणसांचा आवाज ऐकायला. ते आजोबा त्या पोरीच्या धाडधाडीवर चिडले नाहीत याला सहिष्णुता म्हणण्याआधी मी थोडा थांबेन. कदाचित ती धाडधाड ऐकायलाच ते आले असतील.

आपल्याकडचं गणित नेमकं उलटं. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक, आजीचं औषधपाणी, धाकट्याचा गृहपाठ आणि राज्यसेवेची पूर्वपरीक्षा. पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत गावाकडून आलेला मुलगा कॉटबेसिसवर राहतो, तेव्हा त्या खोलीत त्याच्या मालकीची जागा गादीएवढी असते. अभ्यासिकेतली सीट ही त्याच्या आयुष्यातली एकमेव शांत जागा आहे. आपण ज्याला तुरुंगाचे नियम म्हणतो ते त्याच्यासाठी स्वतःची खोली मिळाल्यासारखे आहेत. 'वाचनालयं जिवंत हवीत, गजबजलेली हवीत' असं पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांत जे बोललं जातं ते मलाही आवडतं. पण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी अभ्यासाची खोली असते, आणि ओदीचे फोटो दाखवून 'आपल्याकडेही असंच हवं' म्हणणाऱ्यांत मीही एकेकाळी पुढे होतो.

म्हणून गटातल्या भांडणात मी त्या एमपीएससीवाल्या मुलाच्या बाजूने आहे. एका अटीवर.

अट अशी, की त्याच्या शांततेची किंमत दुसऱ्यांनी मोजू नये. आपली सार्वजनिक वाचनालयं अभ्यासिका म्हणून जन्माला आलेली नाहीत. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. यांच्यासारख्या संस्थांभोवती पेपर वाचणारी, वाद घालणारी, व्याख्यानांना गर्दी करणारी माणसं होती. आज अनेक ठिकाणी काय दिसतं? पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवलेली, मधल्या जागेत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मुलगा, आणि त्याच्यासमोरची पुस्तकं त्याची स्वतःची. वाचनालयाचं एकही पुस्तक तो उघडत नाही. पेपर वाचायला येणारे निवृत्त गुरुजी दोन शब्द बोलले की चार माना वळतात, म्हणून त्यांनी येणं सोडलं. मुलांचा विभाग सुट्टीपुरता, तोही 'आवाज करायचा नाही' या बोलीवर. सात वर्षांच्या मुलाने गोष्टीचं पुस्तक मनातल्या मनात वाचावं ही अपेक्षा कुणी केली असेल देव जाणे. त्या वयात वाचन म्हणजे ओठ हलणं, हसणं आणि 'हे बघ ना' म्हणून शेजारच्याला ढोसणं.

हे सगळं आवरायला माणूस किती, तर एक ग्रंथपाल. 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या वाचनालयात त्याला मिळणाऱ्या पैशाला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. तोच कुलूप उघडतो, तोच नोंदी करतो, आणि गुरुजींना 'जरा हळू' सांगण्याचं अप्रिय कामही त्याचंच. फलक त्याच्यासाठी आहे. माणूस ठेवायला पैसे नाहीत तिथे फलक वाढत जातात.

शिवाय खिडकीबाहेर स्पीकर सुरू झाला की आतल्या पेनाच्या टकटकीचं काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्र म्हणून रुग्णालयं, शिक्षणसंस्था, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शंभर मीटरचा उल्लेख आहे, दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास जातं. सार्वजनिक वाचनालयाचं नाव त्या यादीत नाही. आतल्या कुजबुजीवर सीट जाते आणि बाहेरच्या ढोलावर कुणाची काही जात नाही, यावर गटात दोन्ही तट एका सुरात चिडले, तेवढीच एकी.

मग करायचं काय? दार. दुसरी खोली असेल तर तिला घट्ट बसणारं दार. नसेल तर वेळ वाटून घ्या: सकाळी पेपर आणि गप्पा, शाळा सुटल्यावर दोन तास मुलांचे, बाकी सगळा वेळ, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, अभ्यासाचा. ते दोन तास अभ्यासवाल्यांनी पाय मोकळे करायला बाहेर जावं. इतकं सरळ आहे, असं मी लिहिलं.

त्यावर गटातला एक मित्र, जो तालुक्याच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, त्याने शांतपणे विचारलं: "मुलं काय देतात? सीटचे पैसे दर महिन्याला येतात. त्यावर वीजबिल भरतो. अभ्यासवाल्या पोरांनी ते दोन तास नको म्हणून शेजारच्या खासगी अभ्यासिकेत सीट घेतली, तर बिल तू भरणार का?"

हेलसिंकीत हा प्रश्नच येत नाही. तिथे वाचनालय चालवणं हे नगरपालिकेचं काम आहे, पुस्तक नेणं आणि बसणं कायद्याने फुकट आहे, त्यामुळे धावणारी मुलगी आणि पेपरवाले आजोबा हिशेबात सारखे. आपल्याकडे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात संस्थांना अनुदान आहे, ग्रंथालय कर नाही. तामिळनाडूत आणि कर्नाटकात घरपट्टीबरोबर तो घेतला जातो, मद्रासचा कायदा तर १९४८ चा. आपल्याकडे असा कर लावावा, तो नुसता तिजोरीत पडून न राहता वाचनालयापर्यंत पोचावा, आणि त्यातून त्या मित्राचं वीजबिल नि दुसऱ्या खोलीचं दार निघावं, असं मी त्याला उत्तर दिलं. तो म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, पण येत्या निवडणुकीत घरपट्टी वाढवा म्हणणारा एक तरी उमेदवार मला दाखव.