प्रेमाने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही

सध्या एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रेमाने माणूस बरा होतो हे दाखवून हिंदी चित्रपटांनी मनोरुग्णांना सहानुभूती मिळवून दिली, शॉक ट्रीटमेंटची, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराची, क्रूरता उघड केली, आणि जे काही चुकले ते आता सुधारले आहे. यांतला एकही मुद्दा मला मान्य नाही. पहिला तर घातक वाटतो.

'खिलौना'मध्ये (१९७०) मुलगा ताळ्यावर यावा म्हणून घरचे लोक एका तवायफेला त्याची पत्नी म्हणून आणून ठेवतात. ती त्याचा अत्याचार सोसते, आणि बरा झाल्यावर तो तिला ओळखतही नाही. 'लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल' हा सल्ला आपल्याकडे आजही दिला जातो, त्याला अशी कथानके बळ देतात. 'खामोशी'चा (१९६९) दाखलाही या मजकुरासारखेच बोलणारे लोक देतात. परंतु रुग्णांवर प्रेम करण्याचा अभिनय करायला लावलेली त्यातली परिचारिका अखेरीस स्वतःच रुग्ण होते, म्हणजे हा चित्रपट त्यांच्या विरोधातच साक्ष देतो. आपुलकी हवीच, हे कोण नाकारेल? पण स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारात रुग्णाला ऐकू येणारे, प्रत्यक्षात नसलेले आवाज केवळ आपुलकीने थांबत नाहीत. त्यासाठी बहुधा दीर्घकाळ औषधे घ्यावी लागतात, आणि उपचार लांबले की सुधारणा अवघड होते. निम्हान्स या बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ मधील देशव्यापी पाहणीत, निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. याला डॉक्टरांची कमतरता आणि लोकलज्जा ही मोठी कारणे आहेत. तरीही रुग्णालयाची भीती पडद्याने वाढवली, असे मला ठामपणे वाटते.

त्या भीतीच्या केंद्रस्थानी शॉक ट्रीटमेंटच आहे. भूल न देता शॉक देण्याची पद्धत आपल्याकडे खरोखरच होती, एवढे मान्य केले पाहिजे. मात्र मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे. रुग्ण झोपेत असतो, शरीराला फारसे झटके बसत नाहीत. काही काळ स्मृतीवर परिणाम होऊ शकतो, पण आत्महत्येच्या टोकाला पोचलेल्या तीव्र नैराश्यात याच उपचाराने जीव वाचू शकतो. पडद्यावर तो शिक्षा म्हणूनच दिसत राहिला, तर ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याचेच नातेवाईक संमती द्यायला कचरतील.

राहिला सुधारणेचा मुद्दा. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' हे चित्रपटाचे नाव मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आक्षेप घेतल्यानंतर बदलावे लागले. उलट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा मराठी चित्रपट त्याच्या पंधरा वर्षे आधीचा, २००४ चा आहे; म्हणजे काळ पुढे गेला की चित्रण आपोआप सुधारते असे नाही. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया झालेल्या भावावर बहिणीची माया आहे, तिला औषधोपचारांची जोड आहे, आणि तिच्या संसारावर पडणारा ताणही त्यात लपवलेला नाही.