आधी जपून तर ठेवा, मग भांडू

2025 च्या मार्चमध्ये ते घिबली ह्या जपानी ॲनिमेशन स्टुडिओच्या धाटणीच्या फोटोंचं वेड आलं होतं ना, चॅटजीपीटीला घरातला फोटो दिला की जपानी कार्टूनसारखं चित्र करून मिळायचं, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. निमित्त बदलत राहतं, कधी गणपतीच्या आमंत्रणावर एआयनी काढलेला बाप्पा, कधी एखाद्या आर्ट कॉलेजच्या प्रदर्शनात अंधाऱ्या खोलीत लावलेला व्हिडिओ, पण वाक्य ठरलेलं, "बटण दाबलं की झालं, ह्याला काय कला म्हणायचं?" माझा एक मामेभाऊ कोल्हापूरला हातानी बोर्ड रंगवायचा, फ्लेक्स आले आणि दोन-चार वर्षांत त्याचं काम बसलं, त्यामुळे तो जेव्हा यंत्राबद्दल तावातावानी लिहितो तेव्हा ते नुसतं मत नसतं, त्याचं पोट त्यात गेलेलं असतं. त्याला चूक म्हणायची माझी हिंमत नाही. पण वाद जिथे अडकलाय ती जागा मला चुकीची वाटते.

मी स्टुटगार्टला राहते. गाड्यांचं शहर म्हणून सगळ्यांना माहीत, पुण्या-मुंबईची बरीच मंडळी इथे त्याच कामाला, आणि 1968 पासून हे मुंबईचं भगिनी शहरही आहे. पण ह्याच गावात 1965 च्या फेब्रुवारीत कॉम्प्युटरनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं, जगातल्या अगदी पहिल्या प्रदर्शनांपैकी एक, हे इथे राहायला येऊनही मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. गेओर्ग नेस नावाचा सीमेन्समधला गणिती, त्यानी प्रोग्रॅम लिहून प्लॉटरकडून, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानी पेन चालवणाऱ्या यंत्राकडून, रेघा काढून घेतल्या आणि माक्स बेन्झे ह्या तत्त्वज्ञाच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्या लावल्या. गावातले चित्रकार आले आणि भडकले. त्यातल्या एकानी नेसला विचारलं म्हणे की तुझं यंत्र माझ्या हाताच्या लकबीनी रेघ काढू शकेल का, तर नेस म्हणाला हो काढेल की, फक्त तुमची लकब म्हणजे नेमकं काय ते मला आधी सांगा. फ्रीडर नाके, जे स्वतः त्या काळात इथेच कॉम्प्युटरवर चित्रं करत होते, त्यांनी ही हकीकत सांगितली आहे.

मला ह्या गोष्टीत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे चिडणं हे आपल्याकडचं मागासलेपण वगैरे काही नाही, ग्रुपवरची तरुण पोरं काका-मामांना तसं ऐकवतात ते बंद करावं, इथलेही चित्रकार असेच चिडले होते आणि तेही साठ वर्षांपूर्वी. दुसरी जास्त मोठी. नेसला चित्रकाराची लकब हवी होती तर त्याला ती विचारावी लागत होती. आजच्या यंत्राला विचारावं लागत नाही, ते हजारो लोकांची कामं न विचारता गिळून बसलंय आणि कुणाचं काय घेतलं ते सांगतही नाही. मामेभावाचा राग खरं तर इथे लागू पडतो. यंत्र वापरलं ह्यावर नाही, न विचारता घेतलं ह्यावर.

कारण यंत्र वापरलं म्हणून कला नाही असं म्हणायचं झालं तर कोल्हापूरकरांनी तरी कुठल्या तोंडानी म्हणायचं! बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर, दोघं मावस की मामे हा वाद सोडून द्या, नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं, सिनेमा पाहिला आणि स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागे लागली. आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी काम तडीस नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 ला 'सैरंध्री' आणला. त्यांच्याच हाताखाली दामले-फत्तेलाल तयार झाले, पुढे 'प्रभात' फिल्म कंपनी. दादासाहेब फाळके जेजे स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आलेला माणूस. आणि त्याच्याही कितीतरी आधी पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्या, मागे दिवा आणि पुढे पडदा होताच. हलत्या चित्राचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं.

आता खरी गुंतागुंत कुठे आहे ते सांगते, कारण व्हिडिओमुळे एक प्रश्न खरोखर नवा आलाय आणि त्यावर घरी कुणी बोलत नाही. नाम जून पाइक हा कोरियात जन्मलेला कलावंत, त्यानी 1963 मध्ये जर्मनीतच, वुपरटालला, टीव्ही सेटचं प्रदर्शन केलं. पुढे 1965 मध्ये त्यानी एका टीव्हीच्या डोक्यावर एक भलंमोठं लोहचुंबक ठेवलं, ते काम आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये आहे. लहानपणी ज्यांनी स्पीकरचं लोहचुंबक रंगीत टीव्हीजवळ नेऊन कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पाडला असेल आणि घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या असतील त्यांना हे लगेच कळेल. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकानीच वळवून पडद्यावर फिरवलेला असतो, बाहेरून दुसरं चुंबक आणलं की तो झोत वाट सोडतो आणि चित्र वाकतं. पाइकच्या टीव्हीवर त्यामुळे प्रकाशाची एक वळलेली आकृती तयार होते, चुंबक सरकवलं की आकृती सरकते.

आता ती ट्यूब गेली तर? तशा ट्यूब आता बनत नाहीत. एलसीडी लावला तर त्यावर चुंबक घासत बसा, काही होणार नाही. त्या आकृतीचा व्हिडिओ काढून लूपवर लावला तर दिसेल तसंच, पण चुंबक मग नुसतं शोभेला. मग काम म्हणजे काय, ती ट्यूब, तो डबा, ती आकृती, की चुंबक आणि झोत ह्यांच्यातली ती ओढाताण? पेंटिंगच्या बाबतीत हा प्रश्न इतक्या लवकर अंगावर येत नाही, कॅनव्हास शे-दोनशे वर्षं निमूट टिकतो, इथे माणूस हयात असतानाच त्याच्या कामाचं यंत्र मोडीत निघतं.

इथून ट्रेननी तासाभराच्या आत कार्ल्सरूह येतं, तिथे झेडकेएम म्हणून कला आणि माध्यमांची संस्था आहे, 1989 मध्ये स्थापन झालेली आणि 1997 पासून एका जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या अवाढव्य इमारतीत असलेली. तिथे जुने टेप प्लेअर, मॉनिटर, सुटे भाग जमवून ठेवलेत, कुठल्या कुठल्या फॉरमॅटच्या टेप चालवून त्यातलं उतरवून घेतात. अशा ठिकाणची माणसं कलावंत जिवंत आहे तोवर त्याला विचारून ठेवतात, पडदा बदलला तर चालेल का, आवाज किती, खोली किती अंधारी, आणि ते लिहून फाइल करतात. कला आहे की नाही हा वाद तिथे कुणी आधी मिटवत बसलेलं नाही, आधी सोल्डरिंग, वाद नंतर.

आपल्याकडे काय झालं बघा. चित्रकार अकबर पदमसींना 1969 च्या सुमारास नेहरू फेलोशिप मिळाली, त्या पैशातून त्यांनी मुंबईत नेपियन सी रोडला व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढलं, चित्रकारांनी कॅमेरा हातात घ्यावा म्हणून. स्वतः त्यांनी दोन छोट्या फिल्म केल्या, त्यातली एक, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर', तिची एकच प्रिंट होती आणि ती हरवली. गेली. आता ती कला होती का नव्हती ह्यावर आपण कितीही भांडलो तरी भांडायला समोर काही नाही. त्याच वर्कशॉपमध्ये जेजेमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालाणींनी 1969 मध्ये 'ड्रीम हाउसेस' केली, ते फुटेज वाचलं म्हणून पुढे 'युटोपिया' ह्या कामात जगाला दिसलं, आणि त्याच बाई 2020 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, आयपॅडवर बोटांनी ॲनिमेशन काढून लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भिंतीच्या भिंती भरत होत्या. त्यांना "बटण दाबलं की झालं" म्हणून दाखवा. पुण्यात फिल्म आर्काइव्ह 1964 पासून आहे आणि तिथल्या लोकांनी खूप वाचवलंय, तरी 2003 च्या आगीत नायट्रेट फिल्म, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म, जळाल्याच आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आपल्याला पूर्ण बघायला मिळत नाही ते नाहीच.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये. बर्लिननी 2025 च्या बजेटमध्ये संस्कृतीवरचे सुमारे 13 कोटी युरो कापले, इथले कलावंत रस्त्यावर उतरले होते. पण 1983 पासून इथे कलावंतांचा सामाजिक विमा आहे, अर्धा हप्ता कलावंत भरतो आणि उरलेला सरकार आणि त्याची कामं वापरणाऱ्या कंपन्या, त्यामुळे कोण कलावंत आणि कोण नाही हे विमा कार्यालयातल्या कारकुनालाही ठरवावं लागतं. वेबसाइट डिझाइन करणारेही त्यात येतात. नियम किचकट आहेत, पण कुणीतरी बसून ते लिहिले.

माझं मत विचाराल तर त्या घिबली चित्रांपैकी बहुतेकांना मी कला म्हणणार नाही. यंत्रानी केली म्हणून नव्हे, फोटो देणाऱ्यानी त्यात काहीच ठरवलं नव्हतं म्हणून, जे काही ठरलं होतं ते जपानमधल्या चित्रकारांनी अनेक वर्षं हातानी चित्रं काढून ठरवलं होतं आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. बर्लिनच्या बोरिस एल्डागसेननी 2023 मध्ये एआयनी केलेली प्रतिमा सोनीच्या फोटोग्राफी स्पर्धेत पाठवली, जिंकली, आणि बक्षीस नाकारलं, म्हणाला हे फोटोग्राफी नाही, दोन्ही एका स्पर्धेत नकोत. मला हा माणूस पटतो. कला आहे का हे त्यानी बाजूला ठेवलं, वर्गवारी सरळ करा म्हणाला.

आपल्या कॉलेजांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढं नक्की जमेल. एआयसाठी वेगळा विभाग ठेवा आणि काय वापरलं ते फॉर्मवर लिहून घ्या. आणि जिथे जिथे व्हिडिओला बक्षीस देता तिथे त्याची मूळ फाइल मागून घ्या, दोन हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या जागी ठेवा, सोबत एक कागद, कुठल्या पडद्यावर, किती आवाजात, प्रोजेक्टर किती लांब. दर चार-पाच वर्षांनी डिस्क चालते का बघायला एक माणूस नेमा आणि त्याचा पगार बजेटमध्ये धरा. मामेभावानी रंगवलेल्या बोर्डांचे फोटोही त्यात घ्या, त्याच्याकडे अजून आहेत.