टीव्हीची छत्री भंगारात द्यायच्या आधी हिशोब तरी नीट करा भो

गेल्या महिन्याभरात हा फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. फॅमिली ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, कॉलनीचा, आणि चौथा तर केळीभावाचा ग्रुप, जिथं एरवी रावेरचा भाव सोडून कोणी काही टाकत नाही. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: डिशचा जमाना संपला, कंपन्या बंद पडणार आहेत, पावसात दिसत नाही, दर महिन्याला पैसे पाण्यात जातात, तर छत्री भंगारात द्या आणि नेट घ्या, नेटवर सगळे चॅनल फुकट, मॅच फुकट, क्वालिटी डबल, वर्षाला सहा हजार वाचतात, आणि एक अॅप टाकलं की हजार चॅनल. खाली हात जोडलेले आणि 'जनहितार्थ'.

धरणगावच्या आमच्या मामांनी हे जनहित मनावर घेतलं आणि फेब्रुवारीत छत्री उतरवली, पुढे काय झालं ते येईलच. मी अमळनेरला राहतो, माझ्या घरात छत्री पण आहे आणि नेट पण, त्यामुळे मी कोणाचा एजंट नाही हे आधीच सांगून टाकतो, आणि फॉरवर्डमधलं सगळंच खोटं आहे असंही माझं म्हणणं नाही. पुण्याला फ्लॅटवर चार पोरं राहतात, प्रत्येकजण आपापल्या मोबाईलवर बघतो, त्यांनी छत्री कशाला घ्यायची? पण तोच मेसेज धरणगावच्या म्हाताऱ्या माणसाच्या घराला कसा लागू होईल?

आधी पैशाचं बघू. वर्षाला सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे. आता पाचशेचं रिचार्ज कोण मारतं, तर ज्याने आपला पॅक कधी उघडून बघितला नाही तो. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायचा (टीव्ही-फोन कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) नियम लागू आहे, ज्याला जो चॅनल पाहिजे तो सुटा घेता येतो. तेव्हा पहिल्या १०० चॅनलचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये ठरवलं होतं, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, २०२० मध्ये त्याच १३० मध्ये २०० चॅनल बसायला लागले आणि २०२४ च्या जुलैत ट्रायने ही १३० ची मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता कंपनी बघून हा आकडा बदलू शकतो. पण चॅनल निवडायचा हक्क कुठं गेला नाही. मी एका रविवारी दुपारी चहा घेऊन बसलो आणि आमचा पॅक उघडला तर त्यात दोन बंगाली, एक ओडिया आणि तीन भाषांमधले कार्टून निघाले, घरात लहान पोरगं कोणी नाही, आणि आमच्यात बंगाली कोणाला येतं? सगळे काढून टाकले, ४२० चं रिचार्ज २६० वर आलं. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा कस्टमर केअरच्या गाण्यात गेली.

आता दुसरी बाजू. जाहिरातीत ३९९ चा नेटचा प्लॅन दिसतो ना, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी लागला की ४७० रुपये ८२ पैसे होतात. म्हणजे पाचशे वाचवायला ४७१ घालायचे. वरून ज्या अॅपवर तुमची मालिका आहे त्याचे वेगळे, ज्याच्यावर मॅच आहे त्याचे वेगळे. घरात पोरांच्या अभ्यासासाठी किंवा तुमच्या कामासाठी नेट आधीच घेतलेलं असेल तर मात्र हिशोब बदलतो, ते पैसे तसेही जाणारच होते, तिथं फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे. पण तो हे लिहीतच नाही ना, तो धरूनच चालतो की नेट आभाळातून पडतं.

आणि काही जण म्हणतात मोबाईलचं हॉटस्पॉट लावू, दोन जीबी रोज मिळतंच. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की साध्या क्वालिटीत तासाला साधारण एक जीबी आणि एचडीत तीन जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे दोन जीबीत साध्या क्वालिटीत दोन तास, एचडीत एक सिनेमा सुद्धा पूर्ण होत नाही. मामांकडे टीव्ही सकाळच्या आरतीला लागतो तो रात्रीच्या बातम्या संपल्यावर बंद होतो, मधे कोणी बघत नसलं तरी चालूच, मामी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकते. छत्रीला ह्याचं काहीच वाटत नाही, वरून सिग्नल पडतोच आहे, तुम्ही एक तास बघा नाहीतर अठरा तास.

फुकटचं तर विचारूच नका. २०२३ ला जिओसिनेमावर अख्खी आयपीएल फुकट होती, खरंय, मी पण बघितली. मग कंपन्या एक झाल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार आलं आणि त्या सीझनला फुकट संपलं, पैसे भरा नाहीतर मोबाईलचा ठराविक रिचार्ज मारा. गिऱ्हाईक जमेपर्यंत चहा फुकट असतो, हे कोणत्याही टपरीवाल्याला माहीत आहे.

गंमत अशी की खरोखर फुकट टीव्ही ज्याला म्हणता येईल तो छत्रीवरच आहे. दूरदर्शनचा फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ३३ चॅनलवर सुरू झाला, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. एकदा बॉक्स आणि छत्री विकत घ्यायची, महिन्याला एक रुपया नाही. सह्याद्री दिसतं, डीडी स्पोर्ट्स दिसतं, आणि २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरलेल्या मॅचेसचं प्रक्षेपण खाजगी चॅनलला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. आयपीएल त्यात येत नाही आणि मोठे मराठी मालिकेवाले चॅनल पैशाचेच आहेत, हे पण सांगायला पाहिजे. खाजगी चॅनलच्या जागा लिलावात जातात म्हणून आज दिसलेला चॅनल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. पण नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागात पाड्यावर जाऊन बघा, मोबाईलला रेंज पाहिजे तर माणूस टेकडी चढतो, तिथं तुम्ही छत्री भंगारात द्या म्हणून कोणाला सांगताय?

आता पाऊस. हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो कारण प्रत्येकाने भोगलेलं आहे, ऐन रंगात आलं की निळा स्क्रीन. ते खोटं नाही. घरगुती डिशचा सिग्नल केयू बँडवर (उपग्रहाच्या लहरींचा एक पट्टा) येतो, त्याची लहर साधारण अडीच सेंटिमीटरची, आणि जोराच्या पावसाचे थेंब ती शोषून घेतात, इकडं तिकडं फेकतात. जुन्या केबलवाल्यांच्या गच्चीवर त्या आठ-दहा फुटी जाळीच्या छत्र्या होत्या ना, त्या सी बँडच्या, तिथं लहर मोठी म्हणून पावसाचा त्रास फार कमी. पण आपल्याकडं असा पाऊस वर्षात कितीदा पडतो हो? कोकणात राहतो का आपण? जळगाव-धुळ्याकडं ढग बघायला माणूस तरसतो. आणि जोराची सर गेली की दहा-पंधरा मिनिटात चित्र परत येतं.

ज्याच्या घरी साध्या रिमझिमीत सुद्धा टीव्ही जातो त्याचा दोष पावसाचा नसतोच. माझ्या घरी हेच व्हायचं. फिटिंगवाल्या पोराला बोलावलं, तो वर चढला, एलएनबीची (छत्रीपुढं सिग्नल पकडणारा छोटा डबा) वायर जिथं लागते तिथली पिन फिरवून काढली आणि माझ्या हातावर ठेवली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली आणि थेंबभर पाणी. त्याने तेवढा तुकडा कापला, नवीन पिन लावली, वरून काळी टेप गुंडाळली, मग मला खाली टीव्हीपुढं उभं केलं आणि स्वतः छत्री बोटभर सरकवत वरून ओरडत होता, "क्वालिटी किती झाली?" मी खालून आकडे ओरडत होतो, ४०, ४५, ७०, बस बस! मे महिन्याच्या वादळात छत्री जराशी फिरलेली होती, एवढंच. ३६ हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल आहे तो, बोटभर फरकाने सुद्धा बिघडतो. आपल्या भागातून फ्री डिशची छत्री आग्नेयेकडं तोंड करून असते, तिकडं शेजाऱ्याचा कडुलिंब वाढला असेल तर तो पण बघा, पाऊस नंतर.

आणि नेट कधी जात नाही म्हणे! काचेच्या तारेतून जाणाऱ्या उजेडाला पावसाचं काही नाही हे मान्य, पण ती तार जाते कुठून? आमच्या कॉलनीत खांबावरून लोंबत, झाडातून, मग रस्त्याच्या कडेने. मागच्या पावसाळ्यात गटारीच्या कामाला जेसीबी आला आणि पहिल्याच दिवशी तार तोडली, चार दिवस नेट नाही, फोन केला की "भाऊ आमचा माणूस निघालाय". चार दिवस निघालेलाच होता तो. लाईट गेली की अजून वेगळी मजा, घरात इन्व्हर्टर आहे, टीव्ही चालू, राऊटर चालू, पण गल्लीच्या तोंडाशी नेटवाल्याचा जो डबा आहे त्याची बॅटरी मेलेली, मग बसा. छत्रीला इन्व्हर्टर असला की वरती अवकाशात कोणाच्या बॅटरीची वाट बघायची नसते.

मॅचची क्वालिटी डबल. बरं. चांगलं फायबर आणि चांगला टीव्ही असेल तर चित्र झकास येतं, वाद नाही. पण उशीर? २९ जून २०२४, वर्ल्डकप फायनल, शेवटची ओव्हर, ६ बॉल १६ रन, हार्दिकने पहिला टाकला, मिलरने उचलला. मी त्या दिवशी भुसावळला मावसभावाकडं होतो, त्याच्याकडं नुसतं नेट. आमच्या टीव्हीवर हार्दिक अजून रनअपला चालत होता आणि समोरच्या बिल्डिंगमधून "आऊट!" करून आरोळी आली, पाठोपाठ खाली कोणीतरी ताट वाजवलं. मग अर्ध्या मिनिटाने आम्ही सूर्याचा तो बाउंड्रीवरचा कॅच बघितला, सगळं माहीत असून. मावसभावाचं तोंड बघण्यासारखं होतं. नेटवर मॅच छोटे छोटे तुकडे करून पाठवतात आणि अडकू नये म्हणून दोन-चार तुकडे आधी साठवून मग दाखवतात, त्यात तो वेळ जातो. छत्रीला पण काही सेकंद लागतातच, पण गल्लीत निम्म्या घरांवर छत्री असेल तर नेटवाल्याने खिडक्या लावून बसावं.

डिश कंपन्या बंद पडणार ह्यात अर्धं खरं आहे. ट्रायच्या आकड्यात पैसे भरणारे डिश ग्राहक २०२१ च्या सुमारास सात कोटींजवळ होते, २०२५ ला सहा कोटींच्या खाली आले. कमी होताहेत, होतील अजून. पण अजून कोट्यवधी घरं आहेत म्हणजे काय उद्या सकाळी शटर पडणार आहे? जीसॅट-२४ उपग्रह जून २०२२ मध्ये वर गेला, त्याची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्ले ह्या डिश कंपनीने घेतलेली आहे आणि त्याचं आयुष्य १५ वर्षांचं धरलेलं आहे. फ्री डिशची घरं तर ट्रायच्या त्या आकड्यात धरलेलीच नाहीत.

हजार चॅनलच्या अॅपबद्दल एकच सांगतो, प्ले स्टोअरवर नाही, कोणीतरी लिंकवर फाईल पाठवतो, ती टाका म्हणतो आणि मोबाईलच्या सगळ्या परवानग्या मागतो. चोरीचा माल आहे तो. त्याच मोबाईलवर तुमचं बँकेचं अॅप आहे ना?

आता मामांकडचं. मामांनी छत्री उतरवली, नवीन टीव्ही घेतला, नेट लावलं, पुण्याच्या पोराने त्याच्या नंबरवरून सगळे अॅप चालू करून दिले. पहिले आठ दिवस सगळे खूश. मग आजी. आजी ८४ वर्षांची आहे, तिला अक्षरं वाचता येत नाहीत पण रिमोटवरचे आकडे कळतात, तिच्या तीन मालिकांचे तीन नंबर तिला पाठ होते, अंधारात दाबायची. नवीन रिमोटला आकडेच नाहीत, नुसता एक गोल आणि चार बटनं. रोज संध्याकाळी एकच, "मन्ही सिरेल कोठे गई रे?" कोणीतरी लावून द्यायचं, मग मधेच स्क्रीन थांबतो आणि विचारतो अजून बघताय का, तर आजी घाबरून हाक मारते, "हाऊ काय इचारी ऱ्हायना?" एकदा आपोआप लॉगआऊट झालं, ओटीपी गेला पुण्याला, पोरगं मीटिंगमध्ये, मालिका संपली तेव्हा ओटीपी आला. आणि ज्या दिवशी पोराने आणि त्याच्या रूममेटने तिकडं एकदम बघायला लावलं त्या दिवशी आजीच्या टीव्हीवर आलं की एवढ्या स्क्रीनची परवानगी नाही. आजीने मामांना विचारलं, आपण पैसे भरले नाहीत का रे?

मी मामांना म्हटलं, छत्री न उतरवता नुसतं एक महिना रिचार्ज मारलं नसतं तरी हे सगळं कळलं असतं, खिशातून काही गेलं नसतं. आता अक्षय तृतीयेला गेलो होतो तर आंब्याचा रस झाल्यावर मामा हळूच म्हणाले, तुझा तो फिटिंगवाला पोरगा इकडं येईल का. छत्री कुठंय विचारलं तर मामी हसायला लागली. गच्चीवर पालथी विटांवर ठेवलेली होती, तिच्यावर जुनी साडी आणि साडीवर ओल्या बिबड्या (आमच्याकडचे पापड). मामी म्हणे दोन दिवस थांबा, वाळू द्या, मग न्या.