ठेलेवाले हटवून कोण सुरक्षित झालं?

इंदौरच्या रामबागेतली माझी मावशी एकटी राहते. तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘सुरक्षित घराचे चार नियम’ पाठवले आणि तेव्हापासून तिने घर विकून बायपासकडच्या टाऊनशिपमध्ये जायचा घोशा लावलाय. नियम असे: अरुंद गल्लीत राहू नका, कॉलनीला उंच भिंत हवी, येण्याजाण्याला एकच गेट हवं, दुकानं, ठेलेवाले आणि ओटल्यावर बसणारे आसपास नकोत.

चौथा नियम वाचून माझं डोकंच फिरलं. गल्लीची राखण करणारी माणसंच हटवायची? मावशीच्या दारासमोर इस्त्रीवाला बसतो. अनोळखी माणूस दोनदा घुटमळला की तो विचारतो, “किससे मिलना है, भैया?” मावशीची खिडकी सकाळी उघडली नाही तर समोरच्या काकू हाक मारतात. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच अमेरिकेतल्या शहरांबद्दल हे लिहून ठेवलंय: रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नाही, तिथल्या माणसांच्या नजरेमुळे. घरांची तोंडं रस्त्याकडे हवीत, वर्दळ हवी, आणि ती टिकायला दुकानं, खाण्याच्या जागा हव्यात, रात्री उघड्या असणाऱ्यासुद्धा.

आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या इंदौरच्या सराफा बाजारात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच पुढ्यात गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबी सुरू होते. मध्यरात्र उलटली तरी बायका-मुलं तिथे बिनघोर असतात. सराफांनाही ही गर्दी हवीच होती, असं जुने लोक सांगतात. एवढ्या माणसांदेखत कुलूप कोण तोडणार?

उंच भिंतीचं म्हणाल, तर एकदा आत उडी मारली की चोरालाही तिचा आडोसाच मिळतो. अरुंद गल्लीत समोरासमोर दारं असतात, हाक लगेच पोचते. भीती वाटते ती अंधाराची नि सामसुमीची.

एका गेटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने का होईना, मानावं लागेल. मोटरसायकलवरून साखळी ओढणाऱ्याला आरपार रस्ता हवा असतो. तो नसला की त्याची पंचाईत होते. पण गेटापासून घरापर्यंतच्या रिकाम्या रस्त्यावर मावशीला घेरी आली, तर बघणार कोण? चौकीदार तर गेटावर असणार.

मावशी, घर विकू नकोस. कोपऱ्यावरचा दिवा लागत नसेल तर सांग, महापालिकेच्या इंदौर 311 ॲपवर मी तक्रार टाकतो.