डोक्यात मराठी, मुलाखत इंग्रजीत

सॉफ्टवेअर नोकरीच्या मुलाखतींवरच्या एका लेखात सल्ला वाचला, ‘कोड लिहिताना मोठ्याने विचार करा’, म्हणजे डोक्यात चाललंय ते बोलत राहा. सल्ला खरा आहे, पण आम्हा मराठी माध्यमवाल्यांना तोच सगळ्यात जड जातो. मी खानापूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बेंगळुरूच्या एका कंपनीने विचारलं, लिंक्ड लिस्टमध्ये (कडीला कडी जोडावी तशा साखळीत ठेवलेल्या माहितीत) चक्र आहे, म्हणजे साखळी फिरून स्वतःलाच जोडली गेली आहे, हे कसं ओळखाल? दोन पॉइंटर (जागा दाखवणाऱ्या खुणा) घ्यायचे, एक एकेक नोड म्हणजे कडी पुढे, दुसरा दोन-दोन. चक्र असेल तर ते भेटणारच. सगळं लख्ख माहीत होतं, इंग्रजी वाक्य मात्र जुळेना. दहाव्या मिनिटाला त्यांनी कॉल संपवला. फार लागलं मनाला. मग महिनाभर रोज रात्री धाकट्या भावाला समोर बसवून इंग्रजीत एकेक प्रश्न समजावला. पुढच्या मुलाखतीत अडले तेव्हा सरळ एक मिनिट मागितलं. आनंदाने दिलं त्यांनी! बेळगाव-निपाणीकडच्या मुलामुलींनो, वेळ मागून घ्या.