‘इट वर्क्स’ म्हणालाय की!

आमच्या घराण्यात मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी एक अफवा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मामांच्या दुकानातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता, अख्खाच्या अख्खा ओढून काढला होता. अफवेचा उगम तिथला. प्रत्यक्षात मी बँकेत कॅशियर. दुसऱ्याच्या नोटा मोजणं आणि ‘सही जुळत नाही’ म्हणणं हा माझा धंदा. त्या वाक्याचा सूड एका यंत्रानं माझ्यावर कसा उगवला, त्याची ही हकिगत.

मामांचं दुकान सोलापूरच्या नवी पेठेत. चादरी, टॉवेल, नॅपकिन. मे महिना, पारा ४४ ला टेकलेला, रस्त्यावरचं डांबर चपलेला सोडायला तयार नाही, अशा दुपारी मामांनी बोलावून घेतलं. आधी ताक पाजलं. आमच्याकडे ताक पाजलं की काम निघतं.

“बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना फोटो पाठवून पाठवून अंगठा दुखालाय बे. आपली साइट करून टाक की. तुला काय, दोन तासाचं काम.”

मावसभावाकडून पीएचपी नावाच्या, वेबसाइट बनवायच्या भाषेत लिहिलेलं दुकानदारीचं एक तयार पॅकेज मिळालं. माल, भाव, फोटो, ऑर्डर, सगळं त्यात. महिन्याच्या भाड्यानं सर्व्हर घेतला, त्यावर उबुंटू नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. ही पीएचपी रास्मुस लर्डॉर्फ नावाच्या गृहस्थांनी १९९४ मध्ये लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली. मूळ हेतू काय, तर आपला इंटरनेटवरचा बायोडेटा किती जण बघून गेले ते मोजायचं. नावही तेव्हा ‘पर्सनल होम पेज’ असंच होतं. गृहस्थांचा जन्म ग्रीनलंडचा. म्हणजे बर्फात जन्मलेल्या माणसाचं घरगुती काम मी सोलापुरात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पुढे चालवत होतो. कूलर होता, पण कोरडा. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असताना ते कूलरला पाजणारा माणूस सोलापूरचा नव्हे, पाहुणा असतो.

अपाची, म्हणजे ब्राउझरला साइटची पानं वाढणारा प्रोग्रॅम, बसवलं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पान उमटलं: ‘इट वर्क्स!’ मी खुर्चीतून उठलोच. मामा गल्ल्यावरून आले, चष्मा कपाळावर.

“काय म्हणालाय?”

“चालतंय म्हणालाय, मामा.”

“मग चादरी कुठायत?”

अपाचीचं म्हणणं इतकंच होतं की मी जागा आहे. शटर वर गेलं म्हणजे माल लागला असं नसतं, हे नवी पेठेत मी मामांना काय सांगणार!

मग पॅकेजच्या फायली टाकल्या आणि पान पुन्हा उघडलं. चादरींऐवजी कोड! अपाचीला पीएचपी समजावून देणारं मॉड्यूल बसवायचं राहिलं होतं. त्यामुळे त्यानं बिचाऱ्यानं फाइल चालवण्याऐवजी जशीच्या तशी वाचून दाखवली. पॅकेज लिहिणाऱ्या महाभागानं डेटाबेसचा पासवर्ड पहिल्याच फाइलीत ठेवलेला. मी झाकेपर्यंत मामांनी तो मोठ्यांदा वाचला: “चादर एक दोन तीन.” दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. एकानं मान डोलावली.

मॉड्यूल बसवलं, पासवर्ड बदलला. पण झाल्या प्रकारानं मी इतका धसकलो, की सगळ्या फायली उचलून सर्व्हरवरच्या माझ्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये नेऊन ठेवल्या. मौल्यवान वस्तू घरात बरी. अपाचीला सांगितलं, साइट आता इथून दाखवायची. कॉन्फिगमध्ये (त्याच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहिलं, म्हणजे सर्वांना मुभा. अपाची रिस्टार्ट केलं.

‘फॉरबिडन.’ ४०३.

मुभा दिलीय, तरी मनाई. फाइल उघडून पाहिली, बरोबर. पुन्हा रिस्टार्ट. मनाई. माझ्या खिडकीशी पेन्शनसाठी येणारे एक आजोबा आहेत, हात थरथरतो म्हणून त्यांची सही दर वेळी वेगळी होते. “अरे, मीच आहे ना इथं उभा?” असं ते म्हणतात. पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज आतून ऐकू आला.

अशा वेळी जो भेटेल तो एकच औषध सांगतो: ७७७. गल्लीत ताप आलेल्याला जसं सगळे ‘लिंबू उतरव’ सांगतात तसं. हे फाइलीवरच्या हक्कांचे आकडे. हिशेब साधा आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा भाऊबंदांचा, तिसरा उरलेल्या गावाचा. ७५५ म्हणजे मालकानं काय हवं ते करावं, बाकीच्यांनी यावं, बघावं, जावं. ६४४ म्हणजे मालकानं लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. आणि ७७७ म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत दुकान मांडून, गल्ला उघडा टाकून जेवायला जाणं.

तरी केलं. नुसत्या साइटला नाही, अख्ख्या होम फोल्डरला, आतल्या सगळ्या पोटफोल्डरांसकट. एक ओळ, एक एंटर.

आणि साइट दिसली की हो! चादरींचे चौकोन, खाली भाव, वर दुकानाचं नाव. मामांनी समोरून सगळ्यांना थंडा मागवला. मी लॅपटॉप मिटला, उगीच थोडा जोरात.

संध्याकाळी मामांचा फोन. “वर ‘शोलापूर’ कसं काय पडलंय बे? इंग्रज गेले की.” स्पेलिंगमध्ये एक एच जास्तीचा पडला होता. दोन मिनिटांचं काम म्हणून सर्व्हरवर लॉग इन करायला गेलो. ‘परमिशन डिनाइड.’

पुन्हा केलं. डिनाइड. ज्या कीनं, म्हणजे लॅपटॉपवरच्या डिजिटल किल्लीनं, सकाळपासून वीसदा आत गेलो, तीच की, तेच मशीन, मीही तोच. सकाळी मी अख्ख्या गावाला दार सताड उघडून दिलं होतं आणि संध्याकाळी एकटा मी बाहेर.

आता मित्राला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अशोक चौकातला माझा वर्गमित्र, पुण्यात सर्व्हरचंच काम करतो आणि शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतो. त्याच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, माझ्याशी सोलापुरी, आणि सर्व्हरशी तो अत्यंत हळू आवाजात बोलतो. गाडी दौंडच्या अलीकडे असताना फोन लागला.

“७७७ केलास?”

“हो.”

“होमला?”

“हो.”

पलीकडे नुसता गाडीचा खडखडाट. मला वाटलं रेंज गेली, पण तो मनातल्या मनात आकडे मोजत होता.

मग त्यानं सांगितलं ते असं. लॉग इन करताना तुझी की खरी आहे का, हे एसएसएच (लांबून सर्व्हरमध्ये शिरायचं दार राखणारा प्रोग्रॅम) बघतं. पण त्याआधी, ती ज्या घरात टांगलेली आहे त्या घरात कोण कोण हात घालू शकतं, हेही बघतं. होम फोल्डरमध्ये कुणालाही लिहिता येत असेल, तर तुझ्या जुडग्यात कुणीही आपली किल्ली अडकवून ठेवू शकतो. मग एसएसएच त्या जुडग्यावरच विश्वास ठेवत नाही. “तुझी सही खरी आहे बे, पण सहीचं कार्ड रस्त्यावर पडलेलं आहे,” असं तो म्हणाला, आणि मी गप्प झालो. माझ्या धंद्यातलं उदाहरण घेऊन त्यानं मलाच मारलं.

दौंड गेलं, रेंजही गेली.

भाड्याच्या सर्व्हरला एक मागचं दार असतं. सर्व्हरवाल्याच्या पॅनलमध्ये जाऊन ब्राउझरमधूनच कन्सोल उघडता येतो. तिथं की लागत नाही, पासवर्ड लागतो. तो मी दुकानातल्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागं लिहिला होता. रात्री नऊला शटर अर्धं वर करून आत शिरलो, तर त्याच्यावर मामांनी गडद बॉलपेननं लिहून ठेवलेलं: ‘पाणी: गुरुवार पहाटे.’ पासवर्डमधलं एक अक्षर गुरुवारच्या ‘रु’खाली गेलेलं. ते एल आहे की आय, की एक, हे ठरवण्यात पंधरा मिनिटं गेली. कन्सोलमध्ये पेस्ट चालत नाही आणि टाइप केलेलं दिसत नाही. आंधळ्यानं सुईत दोरा ओवावा तसा तो पासवर्ड घातला. एल होता.

कुर्डुवाडीला फोन परत लागला. त्यानं एकेक सांगितलं, मी एकेक केलं: फोल्डरांना ७५५, फायलींना ६४४, किल्ल्यांच्या फोल्डरला ७००, किल्लीच्या फाइलीला ६००, होमला पूर्वीसारखं ७५०. आत गेलो. स्वतःच्याच घरात शिरताना इतका आनंद मला लग्नानंतरही झाला नव्हता.

“आता सांग,” तो म्हणाला, “मुळात ४०३ का आलं? नेमआय चालव, पुढं डॅश एल.”

ही चीज मला आधी कुणीच सांगितली नव्हती. फाइलीच्या वाटेतलं एकेक दार, त्याचा मालक आणि त्याचे हक्क, ही कमांड ओळीनं मांडून दाखवते. साइटच्या फायलींना वाचायचे हक्क पहिल्यापासून व्यवस्थित होते. अडलं होतं होमच्या दारात. उबुंटूनं २१.०४ पासून नव्या होम फोल्डरला ७५०च द्यायला सुरुवात केली, म्हणजे गावाला शून्य. फोल्डरच्या बाबतीत तो चालवण्याचा १ म्हणजे ओलांडून पुढं जायचा हक्क. जुन्या वाड्यात मागच्या खोलीतल्या भाडेकरूला पाहुणे यायचे, खोलीही उघडी असायची, पण दिंडीदरवाजाशी म्हातारी बसलेली. ती सोडेल तर ना!

“आणि पाहुणा कोण?” त्यानं विचारलं.

“कोण म्हणजे? मीच.”

“तू कुठला बे! अपाची काय तुझ्या नावानं चालतंय का?”

अपाची इथं चालतं ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरच्या अंगानं. (मित्र त्याला लाडानं ‘डेटा’ म्हणतो, पूर्ण नाव घेईपर्यंत स्टेशन जातं.) मी दिवसभर फायलींना किती हक्क द्यायचे एवढंच बघत बसलो होतो. मागणारा कोण, हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि बँकेत हा प्रश्न मी दिवसातून शंभरदा विचारतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. पांढऱ्या बाराबंदीत रस्ता भरून जातो, यात्रा अख्ख्या गावाची, पण कुठली काठी कुणाच्या मानाची हे ठरलेलं असतं. माझ्या सर्व्हरवर मात्र काठी धरायला आलेल्याला कुणी ओळखतच नव्हतं.

मग होममधून साइट काढून स्लॅश व्हारमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये, म्हणजे तिच्या हक्काच्या जागी नेली. कोडचा मालक मी. डेटानं तो फक्त वाचायचा. लिहायचा हक्क त्याला एकाच फोल्डरवर, फोटो चढतात त्या अपलोड्सवर, आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही असं कॉन्फिगमध्ये बजावलं. कारण फोटो म्हणून कुणी उद्या भलतीच फाइल चढवली तर ती पडून राहावी, उठून चालू लागू नये. मोहोळ गेलं, सोलापूर जवळ आलं, मित्र बॅग काढायला उठला.

रविवारी मामांनी पहिला फोटो चढवायला घेतला. फोन नवा, फोटो सहा एमबीचा. चढेना. मित्रानं जाताना दिलेला मंत्र आठवला, ‘आधी लॉग बघ बे.’ पॅकेजच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं: मर्यादा ओलांडली. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलीला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८. पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल उघडली, २ चे १० केले, ८ चे २० केले, रिस्टार्ट. चढेना. १० चे २० केले. चढेना. ५० केले. मामा म्हणाले, “शंभर कर की, पैसे पडतात का?” शंभर केले. चढेना. रेशन दुकानात शंभर पोती मंजूर, हातात दोनच किलो.

तासाभरानं कळलं की ह्या नावाच्या फायली दोन असतात. एक कमांड लाइनवरच्या (टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून चालवायच्या) पीएचपीची, एक अपाचीतल्या पीएचपीची. ‘तुझी आयएनआय कुठली?’ असं मी टर्मिनलवर विचारलं होतं, आणि टर्मिनलनं प्रामाणिकपणे स्वतःची सांगितली होती. मी तासभर भलत्याच घरात रंग देत होतो. अपाचीची फाइल अपाचीच्या तोंडूनच कळते. पीएचपीची सगळी सेटिंगं दाखवणारं पीएचपीइन्फोचं पान ब्राउझरमध्ये उघडलं तर वरच दिसते. ते पान नंतर आठवणीनं पुसलं. ‘चादर एक दोन तीन’ची धग अजून कानात होती.

खरी फाइल बदलली. रिस्टार्ट. मामांनी फोटो निवडला, बटण दाबलं, निळी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. फोटो उमटला. लाल चादर, मधोमध मोर. मी हळूच डोक्यावरचा टॉवेल काढला.

मामा पुढं वाकले, मग मान डावीकडं कलती केली. उभ्या फोनवर काढलेला फोटो कुठल्या बाजूनं वर हे फोन फाइलीत नुसतं नोंदवून ठेवतो, आणि आमचं पॅकेज फोटो लहान करताना ती नोंद वाचत नाही, हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं.

“आडवी का पडलीय बे?”

“चादर आडवीच असती की, मामा.”

मामांनी आणखी थोडी मान कलती केली.

“मग मोर झोपलाय का?”