बंद कर म्हटलं ना, मग बंद राहा की!

गाडी चालू केली की आधी काय करायचं? तर गोल बाणातला 'ए' असलेलं ते बटण दाबायचं. रोज. रेडिओचं स्टेशन गाडीच्या लक्षात राहतं, घड्याळ राहतं, पण 'ऑटो स्टार्ट-स्टॉप नको' (म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद आणि निघताना परत चालू करायची ती सोय) एवढं लक्षात राहील तर शपथ!

संध्याकाळी सिंहगड रोडला जाऊन बघा. चार हात सरकायचं, थांबायचं. न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन गप्प. तेवढ्यात पुढचा हलतो, क्लच दाबला की घर्रर्र करून परत चालू. मागचा रिक्षावाला हॉर्नवर बसलेलाच. मे महिन्यात तर विचारूच नका. इंजिनासोबत एसीचा कॉम्प्रेसरही झोपतो आणि ब्लोअर कोमट हवा तोंडावर मारत बसतो.

इंधन वाचतं, मान्य. लांबलचक सिग्नलला वाचतंच. पण सरकत्या गर्दीत काय डोंबल वाचणार? वर याला साधी बॅटरी चालत नाही, सारख्या स्टार्टला टिकणारी महागडी ईएफबी नाहीतर एजीएम बॅटरी लागते. ती बदलायची वेळ आली की वाचवलेल्या पेट्रोलचा हिशेब तिथेच पूर्ण!

सर्व्हिस सेंटरला विचारलं, कायमचं बंद करता का? "नाही होत सर, कंपनी सेटिंग आहे." ही सोय आपोआप बंद ठेवणारं मॉड्यूल बाहेरून बसवावं, तर वॉरंटीचा बागुलबुवा. मायलेजच्या चाचणीत गाडी मधेमधे उभी असते, तिथे इंजिन बंद राहिलं की कागदावरचा आकडा फुगतो. त्यांचं काम झालं. आम्ही बसलोय बटण दाबत.